कॅटलॉगातले २८० पीएस: एका टर्बो इंजिनाचा इतिहास कोणत्या कागदावरून लिहायचा?

संशोधनाची तयारी करताना ‘प्राथमिक साधन’ आणि ‘दुय्यम साधन’ यांच्या व्याख्या आपल्या सगळ्यांच्या तोंडपाठ होतात. पेटला त्यावर हमखास प्रश्न येतो, उत्तर बरोबर येतं आणि आपण पुढे जातो. खरी अडचण वर्ष-दोन वर्षांनी येते. समोर एक अस्सल कागद असतो. छापील, तारीखवार, खुद्द कंपनीने काढलेला. तो बनावट नाही, त्यावर कुणी खाडाखोड केलेली नाही. आणि तरीही त्यातला सर्वांत ठळक आकडा जसाच्या तसा उचलला, तर प्रबंधातलं अख्खं प्रकरण घसरतं.

आज अशाच एका आकड्याबद्दल लिहितेय. आकडा आहे २८० पीएस आणि कागद आहे निस्सान कंपनीच्या स्कायलाइन जीटी-आर या स्पोर्ट्स कारचा जपानी कॅटलॉग. गाड्यांची आवड नसली तरी वाचा. इंजिनाबद्दल जेवढं लागेल तेवढं सांगत जाईन, आणि नळाचा दाब कमी-जास्त होतो हे ज्याला माहीत आहे त्याला टर्बो समजायला हरकत नाही.

जीटी-आरची आर३२ ही पिढी ऑगस्ट १९८९ मध्ये जपानच्या बाजारात आली. तिच्या इंजिनाचं नाव आरबी२६डीईटीटी. नाव अवघड दिसतं, पण ते सरळ वर्णन आहे: आरबी ही इंजिनांची मालिका, २६ म्हणजे २.६ लिटर, डी म्हणजे डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा आणि टीटी म्हणजे दोन टर्बो. एका ओळीत सहा सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, नेमकी क्षमता २५६८ सीसी. कॅटलॉगात शक्ती लिहिली होती मिनिटाला ६८०० फेऱ्यांवर २८० पीएस. (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती, सुमारे ७३५.५ वॅट. अमेरिकन हॉर्सपॉवर किंचित मोठी असते. हा फरक पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.)

जानेवारी १९९५ मध्ये आर३३ आली, जानेवारी १९९९ मध्ये आर३४ आली आणि ऑगस्ट २००२ मध्ये आर३४चं उत्पादन थांबलं. तिन्ही पिढ्यांच्या कॅटलॉगात शक्तीच्या रकान्यात काय आहे? २८० पीएस. त्याच ६८०० फेऱ्यांवर.

तेरा वर्षं! या काळात टर्बोची बेअरिंगं बदलली, इंजिन चालवणारा कॉम्प्युटर बदलला, गाडीचं सगळं रूप बदललं, पण शक्ती एका पीएसनेही हलली नाही. आकडा एकदम उडी मारतो तेव्हा आपण सावध होतो. आकडा हलायला हवा असताना हलत नाही, तेव्हा सहसा कुणी सावध होत नाही. माझ्या मते साधन-चिकित्सेत ही दुसरी सवय जास्त उपयोगी पडते.

मग पहिली पायरी काय? शेजारच्या घरात डोकावायचं. होंडाची एनएसएक्स ही गाडी १९९० मध्ये ३ लिटरच्या इंजिनासह आली, जपानी कॅटलॉगात २८० पीएस. १९९७ मध्ये इंजिन ३.२ लिटरचं झालं, कॅटलॉगात पुन्हा २८० पीएस. टोयोटाची सुप्रा, १९९३ची: २८०. मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन १९९६ मध्ये २८०वर पोचली आणि तिथेच थबकली. दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, टर्बोचं आणि बिनटर्बोचं, वेगवेगळ्या कंपन्यांचं, आणि सगळे एकाच रेषेवर येऊन उभे. परीक्षेत एका बाकावरच्या पाच जणांना अगदी सारखे गुण पडले, तर मास्तर काय म्हणतील?

दुसरी पायरी: तोच माल दुसऱ्या देशात कोणत्या कागदावर विकला गेला ते पाहायचं. निस्सानचीच ३ लिटर ट्विन टर्बो फेअरलेडी झेड १९८९ मध्ये जपानमध्ये २८० पीएसने विकली गेली. अमेरिकेत ३००झेडएक्स या नावाने विकल्या गेलेल्या हातगिअरच्या गाडीच्या कागदांवर ३०० हॉर्सपॉवर आहे, म्हणजे साधारण ३०४ पीएस. एनएसएक्सचं ३.२ लिटरचं इंजिन अमेरिकेत २९० हॉर्सपॉवरचं होतं. पण इथे घाई नको. दोन देशांतल्या गाड्यांचे सुटे भाग नेहमी तंतोतंत सारखे नसतात. सुप्राच्या निर्यातीच्या गाडीतले टर्बो वेगळे होते आणि इंधन फवारणारे इंजेक्टरही मोठे होते. तिथे ‘जपानी कागद खोटा’ असं म्हणण्याऐवजी ‘ही दोन वेगळी इंजिनं आहेत’ असं म्हणावं लागतं. जीटी-आरच्या बाबतीत तर हा रस्ताच बंद आहे, कारण ती त्या काळात अमेरिकेत अधिकृतपणे विकली गेली नाही.

२८० आला कुठून?

हा कायदा नव्हता. जपानच्या मोटार उत्पादकांच्या संघटनेने स्वतःवर घालून घेतलेली ती मर्यादा होती आणि वाहतूक मंत्रालयाची इच्छा तिच्यामागे होती. जपानी राज्यकारभारात अशा पद्धतीला ‘प्रशासकीय मार्गदर्शन’ म्हणतात. आदेश निघत नाही, पण सगळ्यांना कळतं. यामागचं कारण मात्र गंभीर होतं. १९७० मध्ये जपानच्या रस्त्यांवर १६,७६५ माणसं मेली होती. नंतरच्या दशकात हा आकडा जवळपास निम्म्यावर आला, पण ऐंशीच्या दशकात तो पुन्हा चढू लागला आणि १९८८ मध्ये त्याने दहा हजारांची पातळी परत ओलांडली. त्याच काळात कंपन्यांची शक्तीची चढाओढ रंगात आलेली. त्या वेळी बाजारात आलेली सर्वांत ताकदवान गाडी २८० पीएसची होती, म्हणून रेषा तिथेच ओढली गेली. छोट्या ६६० सीसीच्या गाड्यांसाठीही अशीच ६४ पीएसची रेषा आहे आणि ती आजही पाळली जाते.

गंमत बघा. जपानमध्ये टर्बो असलेली पहिली कार आली डिसेंबर १९७९ मध्ये, निस्सानचीच सेड्रिक आणि तिची जुळी बहीण ग्लोरिया, १४५ पीएस. तेलटंचाईच्या त्या काळात टर्बोचं समर्थन इंधनबचतीच्या भाषेत केलं गेलं: लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाचं काम. दहाच वर्षांत तेच यंत्र वेगाचं खूळ म्हणून आवरायची वेळ आली. तंत्रज्ञान तेच, पण त्याबद्दल बोलायची भाषा बदलली. तंत्रज्ञानाच्या इतिहासावर काम करायचं मनात असेल, तर अशा भाषाबदलाची एक वही आतापासूनच करा.

आणखी एक खड्डा इथेच दाखवते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत जपानी कॅटलॉगात शक्ती ‘ग्रॉस’ पद्धतीने मोजलेली असायची, म्हणजे एक्झॉस्टसारख्या जोडण्यांचा भार न धरता नुसत्या इंजिनाची. नंतर ‘नेट’ पद्धत आली, इंजिन गाडीत बसल्यासारखं धरून मोजायची. त्यामुळे १९८४च्या स्कायलाइन आरएस टर्बोचे २०५ पीएस आणि १९८९च्या जीटी-आरचे २८० पीएस एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडून ‘पाच वर्षांत ७५ पीएसची वाढ’ असं लिहिलंत, तर व्हायवाला बाहेरचा परीक्षक तेवढंच एक वाक्य धरून बसेल.

कागदच कागदाविरुद्ध बोलतो

आता परत जीटी-आरच्या कॅटलॉगाकडे. शक्तीच्या रकान्याखाली आणखी एक रकाना असतो, टॉर्क. टॉर्क म्हणजे इंजिनाची पिळवट, क्रँकशाफ्ट फिरवायचा जोर. शक्ती ही टॉर्क आणि फेऱ्यांच्या गुणाकारातून निघते. टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये असेल तर त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं आणि ७१६.२ने भागायचं, की पीएस मिळतात. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर काढा, खरंच करून बघा.

आर३२चा कमाल टॉर्क ४४०० फेऱ्यांवर ३६.० किलोग्रॅम-मीटर. आर३३चा तितक्याच फेऱ्यांवर ३७.५. आर३४चा पुन्हा ४४००वरच, पण ४०.०. म्हणजे ४४०० फेऱ्यांवर आर३२ देत होती सुमारे २२१ पीएस, आर३३ सुमारे २३०, आर३४ सुमारे २४६. दोन पिढ्यांत पंचवीसेक पीएसची वाढ. पण ६८०० फेऱ्यांवर वाढ शून्य.

संघटनेची मर्यादा कमाल शक्तीवर होती, टॉर्कवर नव्हती. जिथे कुणी पाहत नव्हतं तिथे आकडा मोकळेपणाने वाढत गेला आणि जिथे पाहत होते तिथे गोठला. एवढ्यावरून ‘इंजिन प्रत्यक्षात २८०पेक्षा जास्त द्यायचं’ हे सिद्ध होत नाही. अभियंत्यांनी मधल्या फेऱ्यांवरची पिळवट वाढवून वरच्या टोकाला ती मुद्दाम आवरली असेल, हेही शक्य आहे. सिद्ध होतं ते एवढंच, की शक्तीचा रकाना आणि टॉर्कचा रकाना वेगवेगळ्या नियमांनी भरला गेला. हा निष्कर्ष लहान वाटतो, पण तो एकाच कागदातून, बाहेरच्या कुठल्याही मदतीशिवाय निघाला आहे, म्हणून पक्का आहे. सुरुवातीच्या संशोधकाने असे लहान आणि पक्के निष्कर्ष गोळा करावेत असं मला वाटतं. मोठे आणि डळमळीत करायला पुढे आयुष्य पडलंय.

इंजिन उघडणारे लोक

कॅटलॉगाची भाषा बाजूला ठेवून इंजिनच वाचायला बसलेला एक वर्ग जपानमध्ये तेव्हा होताच. ट्यूनिंगवाले. एचकेएस ही त्यातली सुप्रसिद्ध कंपनी १९७३ मध्ये यामाहातून बाहेर पडलेल्या हिरोयुकी हासेगावा यांनी सुरू केली, फुजी पर्वताच्या पायथ्याशी. १९८१ मध्ये ‘ऑप्शन’ हे मासिक निघालं. दाइजिरो इनादा हे त्याचे संपादक. गॅरेजवाल्यांनी तयार केलेल्या गाड्या घेऊन याताबेच्या चाचणी-मार्गावर कमाल वेग मोजायचा, हा त्या मासिकाचा आवडता उद्योग होता. जपानच्या द्रुतगती रस्त्यांवर तेव्हा ताशी १०० किलोमीटरची वेगमर्यादा होती आणि तिथे विकल्या जाणाऱ्या गाड्या १८०च्या पुढे जाऊ नयेत अशी सोय कारखान्यातच केलेली असायची. तरी मासिकात आकडे छापून येत ते तीनशेच्या आसपासचे.

हे लोक इंजिनात काय बदलत? आधी टर्बो समजून घेऊ. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुरात बरीच ऊर्जा वाया जाते. त्या झोताच्या वाटेत एक चक्र ठेवलं की ते फिरतं. त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणजे जास्त शक्ती. या जादा दाबाला ‘बूस्ट’ म्हणतात. दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप असते. ठरलेला दाब झाला की ती उघडते आणि धूर चक्राला वळसा घालून निघून जातो.

जीटी-आरमध्ये कारखान्यातून येणारा बूस्ट साधारण पाऊण बारच्या आत असायचा. वेस्टगेटला दाबाची खबर देणाऱ्या रबरी नळ्या असतात आणि त्यातला थोडा दाब वाटेतच सोडून देणारा एक विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. दाब सोडला की झडपेला वाटतं, अजून वेळ आहे, आणि बूस्ट चढतो. या सोडण्याच्या वाटेवर, नळीच्या आत, बारीक छिद्राचा एक छोटासा धातूचा तुकडा बसवलेला असायचा. ट्यूनिंगवाल्यांनी तो शोधला. चिमट्याने तो काढून टाकायचा आणि नळी परत लावायची. बूस्ट एक बारच्या जवळ जायचा. खर्च जवळजवळ शून्य.

हिशेब करा. बाहेरची हवा आधीच एक बार दाबाची. म्हणजे एकूण १.७५ बारच्या जागी २ बार. कागदावर सुमारे १४ टक्के जास्त हवा, म्हणून २८०ऐवजी ३२०च्या आसपास पीएस. प्रत्यक्षात इतका सरळ हिशेब चालत नाही, कारण दाबलेली हवा तापते. सायकलच्या पंपाला पुढून हात लावून बघितला असेल, तर हे माहीत आहे. ३० अंशांची हवा दाबून दुप्पट दाबाची केली, तर आदर्श यंत्रातसुद्धा ती ९६ अंशांपर्यंत जाते; खऱ्या यंत्रात त्याहून जास्त. तापलेली हवा विरळ असते, आणि मुख्य म्हणजे सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोचायची वाट न पाहता आपोआप भडकतं. याला मेकॅनिक लोक नॉकिंग म्हणतात, आणि ते पिस्टनला भोक पाडू शकतं. म्हणून मोठा इंटरकूलर लावायचा, ठिणगीची वेळ थोडी मागे सरकवायची, पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं. टर्बो इंजिनाची शक्ती वाढवणं म्हणजे बराचसा उष्णतेशी चाललेला सौदा असतो.

आता संशोधकाचा प्रश्न. तो धातूचा तुकडा काय करतो, हे तुकड्यावरून कळतं. तो का बसवला, हे तुकडा सांगत नाही. ट्यूनिंगवाल्यांच्या तोंडी परंपरेत उत्तर ठरलेलं आहे: कराराचा २८०चा आकडा पाळायला. पटतं. पण दुसरं कारणही तितकंच पटण्याजोगं आहे. कारखान्याच्या टर्बोतलं धुराकडचं चक्र सिरॅमिकचं होतं. सिरॅमिक हलकं, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला की चक्र चटकन वेग घेतं. पण ते ठिसूळही असतं. बूस्ट एक बारच्या पुढे नेऊन गाडी दामटली, तर ते चक्र दांडीवरून निखळतं, फुटतं, आणि त्याची भुकटी कधीकधी उलट इंजिनातही ओढली जाते. म्हणजे तो छोटा तुकडा करारासाठी होता की सिरॅमिक वाचवण्यासाठी? दोन्हींसाठी असू शकतो. एकाच पुराव्याची दोन स्पष्टीकरणं उभी राहतात, तेव्हा आवडणारं स्पष्टीकरण निवडायचा मोह होतो. तसं करू नका. दोन्ही लिहून ठेवा, आणि त्यांतलं एक खोटं ठरवू शकेल असा तिसरा पुरावा शोधा.

हा तिसरा पुरावा मला सगळ्यात आवडतो, तो म्हणजे मोडतोडीचा क्रम. शक्ती वाढवत नेली की इंजिनातलं पहिलं काय तुटतं, दुसरं काय, आणि काय तुटतच नाही? जीटी-आरमध्ये आधी सिरॅमिकची चक्रं जायची. ती काढून पोलादी चक्रांचे टर्बो लावले की पुढचा कच्चा दुवा म्हणजे तेलाचा पंप. आर३२च्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचा जो भाग पंपाला फिरवतो तो अरुंद होता. फेऱ्या फार वाढवल्या की पंपाच्या आतल्या चाकावर ताण येऊन ते तडकायचं. तेल थांबलं की सगळं इंजिन गेलं. (पुढे कारखान्यानेच हा भाग रुंद केला.) पण बिडाचा ब्लॉक? मूळ शक्तीच्या दुप्पट शक्तीवरही तो टिकायचा.

२८० पीएससाठी बांधलेल्या इंजिनाचा ब्लॉक दुपटीवर टिकतो आणि त्याच इंजिनातलं टर्बोचं चक्र थोड्याशा वाढीने तुटतं, याचा अर्थ काय? सांगाडा एका कामासाठी बांधलेला आहे आणि वरचे अवयव दुसऱ्या कामासाठी.

ते पहिलं काम कोणतं, याला स्वच्छ कागदोपत्री उत्तर आहे: ग्रुप ए शर्यती. या शर्यतींच्या नियमात टर्बो इंजिनाची क्षमता १.७ने गुणून धरली जायची आणि त्यावरून गाडीचा वर्ग ठरायचा. २५६८ला १.७ने गुणा. ४३६६ येतं, म्हणजे ४५०० सीसीच्या वर्गात नेमकं बसणारं. ‘२.६ लिटर’ हा रस्त्यावरच्या गाडीसाठी विचित्र आकडा का निवडला, हे कोडं इथे सुटतं. शर्यतीच्या रूपात हे इंजिन साडेपाचशे पीएसच्या आसपास चालवलं गेलं. १९९० ते १९९३ या चार वर्षांत जपानच्या टूरिंग कार मालिकेच्या २९ शर्यती झाल्या आणि त्या २९च्या २९ आर३२ने जिंकल्या. ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची शर्यतही तिने १९९१ आणि १९९२ अशी दोनदा नेली. शर्यतीत उतरण्यासाठी ज्या ‘निस्मो’ आवृत्तीच्या पाचशेवर गाड्या १९९०मध्ये विकायला काढल्या, तिच्या टर्बोत सिरॅमिक नव्हतं, पोलाद होतं. म्हणजे सिरॅमिकचा कमकुवतपणा कारखान्याला पहिल्यापासून ठाऊक होता. आता तो धातूचा तुकडा निव्वळ करारापोटी होता असं ठामपणे म्हणणं अवघड जातं, नाही का? सिरॅमिकचं पारडं जरा जड झालं.

ब्लॉकवर ओतकामातच उमटवलेली खूण असते. साध्या ब्लॉकवर ०५यू, आणि एन१ या शर्यतवर्गासाठीच्या जाड भिंतींच्या ब्लॉकवर २४यू. ताम्रपटाची लिपी वाचतात तशी ट्यूनिंगवाली मंडळी टॉर्च लावून ही अक्षरं वाचत आली आहेत.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याला इथे थोडं अडखळायला होतं, हे मला माहीत आहे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हापासून आपल्यावर संस्कार आहे तो असा: बखर दुय्यम, अस्सल पत्र श्रेष्ठ. इथे अस्सल पत्र म्हणजे कॅटलॉग, आणि गॅरेजमधल्या गोष्टी म्हणजे बखर. मग बखरीला मान द्यायचा? मला वाटतं, प्रश्न असा मांडूच नये. कॅटलॉग ‘उत्पादकांमध्ये काय ठरलं होतं’ याचा पहिल्या दर्जाचा पुरावा आहे. इंजिनाच्या शक्तीचा मात्र तो तिसऱ्या दर्जाचा पुरावा आहे. साधन अस्सल आहे की नाही, एवढं विचारून भागत नाही. ते कशाचं साधन आहे, हेही विचारावं लागतं.

आणि बखरीलाही सोडू नका. ट्यूनिंगवाल्यांचे आकडे डायनोवरून येतात. डायनो म्हणजे गाडीची चाकं रोलरवर फिरवून शक्ती मोजायचं यंत्र. ते चाकांपाशी मोजतं, इंजिनापाशी नाही. मध्ये गिअरबॉक्स आहे, जीटी-आरमध्ये तर चारही चाकांना शक्ती वाटणारी यंत्रणा आहे, आणि ही सगळी शक्ती खातात. किती खातात ते अंदाजाने धरतात. समजा रोलरवर २५० आले. नुकसान १५ टक्के धरलं तर इंजिनाचे २९४ होतात, २५ टक्के धरलं तर ३३३. यंत्र तेच, गाडी तीच, आणि ३९ पीएसचा फरक नुसत्या गृहीतकातून आला. ज्याचं गॅरेज चालायचं असतं तो कोणतं गृहीतक निवडेल? कंपनीला आकडा खाली ठेवण्यात हित होतं, गॅरेजला वर नेण्यात.

मृत्यूंचा आकडा

हे सगळं ज्या आकड्यामुळे सुरू झालं, त्याच्याकडे वळायलाच हवं. करार झाला, आणि रस्त्यांवरचे मृत्यू लगेच कमी झाले का? नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते अकरा हजारांच्या वर गेले. त्यानंतर उतरत गेले आणि २००४ पर्यंत आठ हजारांच्या खाली आले. एखादा म्हणेल, करार फसला. दुसरा म्हणेल, करार यशस्वी झाला. दोघेही एकाच आलेखावर बोट ठेवतील.

आधी हा आकडा मोजतात कसा ते बघा. जपानी पोलिसांच्या पारंपरिक गणतीत अपघातानंतर २४ तासांच्या आत मरण पावलेली माणसंच धरली जातात. तीस दिवसांची गणती १९९३ पासून वेगळी दिली जाऊ लागली. जो माणूस तिसऱ्या दिवशी इस्पितळात गेला, तो पहिल्या आकड्यात नाही. इस्पितळांची सोय सुधारली आणि माणसं पहिले २४ तास तगायला लागली, तरी आलेख खाली येतो, मग ती पुढे वाचोत वा न वाचोत. दुसरं, २००१-०२ मध्ये दारू पिऊन किंवा बेदरकारपणे गाडी चालवण्याच्या शिक्षा जपानने खूपच कडक केल्या. त्या काळातली घट २८०च्या खात्यावर मांडता येणार नाही. आणि तिसरं म्हणजे रस्त्यावर मरणारी बहुतेक माणसं काही स्पोर्ट्स कारखाली सापडत नाहीत. त्यात पायी चालणारे असतात, सायकलवरचे असतात, म्हातारी माणसं असतात. चढाओढ आवरण्याचा हेतू खरा होता असं मला वाटतं. पण जी रेषा कॅटलॉगात पाळली जात होती आणि चिमट्याने दोन मिनिटांत ओलांडली जात होती, तिने त्या पायी चालणाऱ्या माणसासाठी नेमकं काय केलं, हे दाखवायची जबाबदारी तिचं श्रेय मागणाऱ्यांवर आहे. करार मागे घेतला गेला तेव्हा उद्योगाचीही बाजू साधारण हीच होती: गाडीच्या कमाल शक्तीचा आणि या मृत्यूंचा थेट संबंध दिसत नाही.

तो मागे घेतला गेला २००४ मध्ये. त्याच वर्षी होंडाची नवी लेजंड ३०० पीएस लिहून बाजारात आली, आणि आभाळ कोसळलं नाही.

आर३४ मात्र त्याआधीच, २००२ मध्ये, संपली होती. जाता-जाता निस्सानने तिच्या शेवटच्या एक हजार गाड्या ‘न्यूर’ या नावाने काढल्या. त्यात एन१ जातीचं इंजिन होतं, जाड भिंतींचा ब्लॉक, पोलादी चक्रांचे टर्बो. वेगाच्या मीटरवर आकडे होते ताशी ३०० पर्यंत. कॅटलॉगात शक्ती: २८० पीएस.

तीन वर्षांनी निस्सानच्याच शर्यत-विभागाने, निस्मोने, वापरलेल्या आर३४ गाड्या परत घेतल्या आणि त्यांचं इंजिन उघडलं. सिलिंडरचा व्यास ८६वरून ८७ मिलिमीटर केला, पिस्टनची धाव ७३.७वरून ७७.७ केली, क्षमता २.८ लिटरवर नेली, टर्बो मोठे लावले. गॅरेजवाले जे वर्षानुवर्षं करत आले होते तेच, फक्त कारखान्याच्या सहीने. अशा एकोणीस गाड्या झाल्या, नाव झेड-ट्यून. या वेळी पत्रकावर जो आकडा छापला तो होता ५०० पीएस.